लाट कमरेएवढी, मग बोर्ड केवढा?

प्रश्न : मी मूळची पुण्याची, नोकरीनिमित्त पर्वरीला राहते. वय ४१, उंची ५ फूट ४ इंच, वजन ६२ किलो. दोन वर्षांपासून शापोरा नदीत हवा भरायच्या बोर्डवर उभं राहून वल्हवते आहे, तोल बरा आहे. गेल्या हिवाळ्यात आश्वेच्या किनाऱ्यावर त्याच बोर्डवर छोट्या लाटा धरल्या आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. आता लाटांसाठीचा चांगला कडक बोर्ड घ्यायचाय. ओळखीत दोन जुने बोर्ड विकायला आहेत, किमती जवळपास सारख्या. एक ७ फूट ६ इंच लांब, साडेसव्वीस इंच रुंद, ८२ लिटरचा. दुसरा ९ फूट २ इंच लांब, २९ इंच रुंद, १२५ लिटरचा. माझा मावसभाऊ म्हणतो, ‘लाँगबोर्ड म्हाताऱ्यांचा. एकदा त्याची सवय लागली की शॉर्टबोर्ड तुला कधीच जमणार नाही.’ तो मला हवाईतले व्हिडिओ पाठवत असतो. ते बघून शॉर्टबोर्डच घ्यावासा वाटतो, पण धीरही होत नाही. काय करू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

९ फूट २ इंचाचा घ्या. ‘आधी सोपं, मग अवघड’ एवढ्याच हिशेबाने मी हे सांगत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मावसभावाने पाठवलेल्या व्हिडिओंत ओआहू बेटावरचा सनसेट बीच असण्याची शक्यता बरीच आहे. उभ्याने वल्हवत लाटा कापण्याच्या जागतिक स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं झाल्या आहेत. काई लेनी या हवाईच्या सर्फरसारखे खेळाडू तिथे सात-साडेसात फुटी बोर्ड घेऊन लाटेच्या कड्यावर उभे चढतात, वळतात आणि पुन्हा खाली झेपावतात. बघताना श्वास अडकतो, हे खरंच. पण ती लाट बघा. उत्तर पॅसिफिकच्या वादळांतून निघालेली, हजारो किलोमीटरचा प्रवास करून खोल पाण्यातून एकदम खडकाळ उथळीवर आलेली, डोक्याच्या वर उंच आणि भिंतीसारखी उभी. शॉर्टबोर्ड त्या लाटेसाठी बनला आहे. त्याच्या तळाला पुढून-मागून जास्त बाक असतो, कारण उभ्या भिंतीवरून खाली येताना त्याचं नोज, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसायला नको. त्याला वेग लाट देते. त्याने फक्त तो वापरायचा असतो.

आता आश्वे-मांद्र्याची लाट आठवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ रुंद आणि उथळ आहे, त्यावरून येता येता लाटेची बरीच ताकद खर्ची पडते. नोव्हेंबर ते मार्चच्या सकाळी जे मिळतं ते गुडघ्याएवढं, चांगला दिवस असेल तर कमरेएवढं. वाळूवर मऊ फुटणारी, उतार कमी असलेली लाट. उतार कमी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा धक्का कमी, म्हणजे लाटेत शिरताना बोर्डाकडे स्वतःची धाव हवी. ती लांबीतून आणि सपाट तळातून येते. लांब बोर्ड लाट फुटायच्या कितीतरी आधी तिच्या उतारावर घसरू लागतो. आखूड बोर्डला लाट उभी राहीपर्यंत थांबावं लागतं. आश्वेची लाट उभी राहते आणि पुढच्याच क्षणी फेस होते. तुम्ही आखूड बोर्डवर जोरजोरात वल्हवत राहाल आणि ती पायाखालून निघून जाईल. सकाळभरात असं होत राहिलं की माणूस स्वतःला दोष देतो, हे मी नवशिक्यांच्या बाबतीत पुष्कळ पाहिलंय. दोष त्यांचा नसतो, चुकीच्या लाटेवर चुकीचा बोर्ड असतो.

आता लिटरचं, म्हणजे बोर्डच्या आकारमानाचं गणित, कारण तुमच्या बाबतीत ते निर्णायक आहे. विकणारा सांगेल, ‘वजन ६२, बोर्ड ८२ लिटरचा, वीस शिल्लक, भरपूर झाले.’ तसं नसतं. बोर्डने फक्त तुम्हाला उचलायचं नसतं, स्वतःलाही उचलायचं असतं. तुम्ही ६२, ओले कपडे, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि वल्हं मिळून साधारण ३, बोर्ड स्वतः ७ ते ८ किलो. झाले ७२-७३. खाऱ्या पाण्याची घनता गोड्यापेक्षा अडीचेक टक्के जास्त, म्हणून ८२ लिटरचा बोर्ड समुद्रात ८४ किलोपर्यंत तोलतो. शिल्लक उरली अकरा-बारा किलोंची. याचा अर्थ असा, की लाटेची वाट बघत थांबलात की बोर्ड जवळजवळ सगळा पाण्याखाली असेल आणि पाणी घोट्याशी खेळत असेल. उभं राहायचं तर सतत वल्हवत राहावं लागेल, कारण अशा बोर्डवर वल्ह्याचा प्रत्येक फटका हाच आधार असतो. कसलेल्या लोकांना ते जमतं, काही जण तर स्वतःच्या वजनाएवढ्याच लिटरच्या बोर्डवर उभे राहतात. पण नदीच्या सपाट पाण्यातल्या दोन वर्षांवरून थेट तिथे उडी घेणं म्हणजे पहिला हंगाम पाण्याबाहेर यायच्या खटपटीतच घालवणं.

हेच १२५ लिटरला लावा. समुद्रात १२८ किलोची उचल, तुमचा, सामानाचा आणि बोर्डचा मिळून भार ७४ च्या आसपास. पन्नासहून जास्त किलोंची शिल्लक. तुम्ही निवांत उभ्या राहू शकता, क्षितिजाकडे बघू शकता, मागून येणाऱ्या तीन लाटांतली कोणती घ्यायची ते ठरवू शकता. लाटा वाचायला शिकायचं तर आधी त्यांच्याकडे बघायला फुरसत हवी.

रुंदीचंही एक सांगून ठेवतो. साडेसव्वीस आणि २९ यांत फरक अडीच इंचांचा, म्हणजे नऊ-साडेनऊ टक्के. पण आडवं डुलणं रोखण्याची बोर्डची ताकद रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्याशा फरकातून सुमारे ३० टक्के जास्त स्थैर्य मिळतं. लांबी जास्त असल्याचा फायदा वेगळाच. दुकानात दोन बोर्ड शेजारी उभे केले तर हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र पहिल्या मिनिटात कळतो.

आता ‘म्हाताऱ्यांचा’ या शब्दाकडे येऊ. तो मला मनापासून खटकला.

हा खेळ जन्मला तोच लांब बोर्डवर. हवाईतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर १९५० आणि ६० च्या दशकांत अहचॉय घराण्यातली मंडळी आणि त्यांचे सोबती मोठ्या बोर्डवर उभे राहायचे, हातात होडीचं वल्हं घ्यायचे आणि लाटा धरायचे. उभं राहिलं की शिकाऊ लोकांवर लक्ष ठेवता यायचं, येणाऱ्या लाटा लांबून दिसायच्या. पुढे २००० नंतरच्या वर्षांत लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फरांनी माउई बेटावर याला नवा जीव दिला, तोही अकरा-बारा फुटांच्या धिप्पाड बोर्डवर. बोर्ड आखूड होत गेले ते नंतर. २०१२ मध्ये पेरूत आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेची या खेळातली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तोवर स्पर्धेतले सर्फर आखूड बोर्डांकडे वळलेले होते. स्पर्धेच्या गुणांकनात लाटेच्या अवघड भागात घेतलेली जोरकस वळणं मोजली जातात. वल्ह्याचा वापर वळण तीव्र करायला किती केला, हेही बघितलं जातं. साहजिकच व्हिडिओंत तेच जास्त दिसतं. पण लांब बोर्डची शैली मागे पडलेली किंवा खालच्या पायरीची नाही. तिची अवघड जागा वेगळी आहे, एवढंच.

शॉर्टबोर्डवर सगळं काम टेलवरून, म्हणजे मागच्या टोकावरून, चालतं. मागचा पाय फिनच्या (तळाला बसवलेल्या पराच्या) वर रोवलेला, गुडघे खोल वाकलेले. लाटेच्या पायथ्याशी वळताना वल्ह्याचं पातं आतल्या बाजूला पाण्यात रोवायचं, त्यावर अंग टाकायचं आणि बोर्ड वर फिरवायचा. वर कड्यावर पोचलं की उलट. तीन किंवा चार फिन असतात, त्यांची पकड एका वळणातून दुसऱ्यात वेग देते. वळणं थांबली की आखूड बोर्ड बसतो. म्हणून ती शैली अखंड हालचालीची आहे, आणि ज्याला ती साधली त्याला लाटेच्या उभ्या भागात जो थरार मिळतो तो लांब बोर्डवर मिळत नाही. हे मी कबूल करतो, आणि तुम्हालाही तो एक दिवस मिळावा अशी इच्छा आहे.

लाँगबोर्डवर मात्र पूर्ण लांबी ही चालायची जागा. लाट मंदावली की मागे येऊन वळायचं, तिला पुन्हा वेग आला की एक पाय दुसऱ्यावरून टाकत पुढे जायचं, फरपटत नाही, पावलं उचलून. पार नोजपर्यंत. नऊ फुटी बोर्डच्या टोकाला माणूस उभा राहतो आणि बोर्ड उलटत नाही, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खोटंच वाटतं. कारण टेलमध्ये आहे. बोर्ड लाटेच्या योग्य भागात असला की लाटेचं पाणी टेलवरून वाहतं आणि तिला खाली दाबून धरतं. पुढे नोजच्या खालचा किंचित खोलगट भाग पाण्यावर उचल घेतो. तुमचं वजन पुढे, लाटेचं वजन मागे, असा तराजू जुळतो. पण तो फक्त काही क्षण आणि फक्त एका जागी जुळतो. जागा चार बोटं चुकली तर नोज बुडतं, किंवा बोर्ड लाटेच्या पुढे पळून निसटतो. ही जागा नेमकी ओळखणं आणि त्या क्षणी पायांनी तिथे असणं ही या शैलीची कसोटी. त्यात वल्हं हातात असल्याने हात मोकळे नसतात. नुसत्या सर्फिंगमधल्यासारखे ते पसरून तोल साधता येत नाही. त्याऐवजी पातं मागच्या बाजूला पाण्यात हलकंच टेकवून बोर्ड जरा रोखायचा, लाटेला जवळ येऊ द्यायचं, मग पाऊल उचलायचं. हे जमायला वर्षं लागतात. याला म्हाताऱ्यांचा खेळ म्हणायचं असेल तर मावसभावाला एकदा पाच पावलं पुढे चालून परत यायला सांगा.

आता त्याच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, सवय लागण्याबद्दल. त्यात थोडं तथ्य आहे, तेवढंच घ्या. लांब बोर्डवर शिकलेले बरेच जण मध्यावर उभे राहून सरळ घसरत जाण्यात रमतात. टेलकडे जातच नाहीत. अशांना पुढे आखूड बोर्ड जड जातो, कारण तिथे मध्यावर उभं राहून काही होतच नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून मागे जायची सवय ठेवा. लाट नसतानाही सपाट पाण्यात मागचा पाय टेलवर न्या, नोज हवेत उचलू द्या आणि वल्ह्याच्या लांब फेऱ्याने बोर्ड जागच्या जागी गोल फिरवा. पडाल. पडा. हे वळण लांब बोर्डवर पक्कं झालं की शॉर्टबोर्डचं अर्धं काम झालेलं असतं. लाट निवडणं, तिरकं शिरणं, वल्ह्यावर भार टाकणं, हे दोन्हीकडे सारखंच. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. आखूड बोर्ड तुम्हाला चालायला कधीच शिकवणार नाही, कारण तिथे चालायला जागाच नाही.

मग शॉर्टबोर्ड कधी? मी वेळेचा हिशेब देणार नाही, खुणा सांगतो. कमरेएवढ्या लाटेत दोन्ही बाजूंना ठरवून तिरकं शिरता येतं, पायथ्याशी वळून परत लाटेच्या वर येता येतं, आणि नको तेव्हा लाटेतून स्वतःहून बाहेर पडता येतं. वाऱ्याने पाणी खवळलेलं असतानाही न पडता दहा मिनिटं थांबता येतं. हे झालं की आखूड बोर्ड भाड्याने घेऊन बघा. तेव्हाही ८२ लिटरचा नको. तुमच्या वजनाला ८ फूट ते ८ फूट ४ इंच, १०० लिटरच्या आसपास असा मधला बोर्ड बघा. त्याला न्याय देणारी लाटही हवी. मेच्या शेवटी, पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावर ताकदीच्या लाटा यायला लागतात. मंगळूरच्या किनाऱ्यावर २०२३ आणि २०२४ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग मे-जूनच्या सांध्यावर भरवली गेली ती याचसाठी. पण ज्या दिवशी जीवरक्षक लाल बावटा लावतात त्या दिवशी दोन्ही बोर्ड घरी. भर पावसाळ्यात आश्वेला किंवा शापोऱ्याच्या मुखाशी उतरणं मी कुणालाही सुचवणार नाही. नदीचं पाणी बाहेर ओढतं, समुद्र आत रेटतो, आणि त्या दोघांमध्ये १२५ लिटर काही कामाचे नाहीत.

लांब बोर्डचे तोटेही ऐकून ठेवा. फुटलेल्या लाटेच्या फेसातून त्याला बाहेर नेणं कष्टाचं असतं. फेस अंगावर येताना एक पाऊल मागे, नोज किंचित उचला, फेस खालून जाऊ द्या आणि तो पाठीमागे जाताच पातं पुढे रोवून ओढा. थांबलात तर परत किनाऱ्यावर फेकल्या जाल. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये येऊ देऊ नका. पाण्यात उभ्या असाल तर तो बाजूला धरा. वाऱ्यातही लांब बोर्ड अंगावर येतो, म्हणून सकाळीच उतरा. मतलई वारा असेपर्यंत पाणी काचेसारखं गुळगुळीत असतं. दुपारकडे खारा वारा सुटला की वायव्येकडून बारीक खळबळ सुरू होते आणि मजा जाते. भरतीचंही लक्षात असू द्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाणी सुमारे दोन मीटर वर-खाली होतं. ओहोटीला लाट लांब, बाहेरच्या वाळूवर फुटते आणि लांब बोर्डला पळायला जागा देते. पूर्ण भरतीला तीच लाट किनाऱ्याशी येऊन आपटते आणि फिन वाळूत रुतून मोडतात.

सकाळी किनाऱ्यावर मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्या पट्ट्यात अजिबात उतरू नका, जाळं कुठवर गेलंय ते विचारून दुसरीकडे जा. त्यांचा दिवसाचा रोजगार त्या पाण्यात असतो. मोरजीला कासवांची अंडी राखलेली कुंपणं असतात, त्यांच्यावरून बोर्ड ओढत नेऊ नका. आणि लाटांच्या बाबतीत एक शिस्त पाळा. उभ्या असल्याने तुम्हाला लाट सगळ्यांच्या आधी दिसते, लांब बोर्डमुळे ती सगळ्यांच्या आधी मिळतेही. म्हणून प्रत्येक लाट घ्यायची नाही. पोटावर पडून वल्हवणारी शिकाऊ मुलं आत असतील तर त्यांच्यापासून पन्नास पावलं बाजूला जा. तुमचा नऊ-दहा किलोंचा बोर्ड फेसात सुटला तर कुणाचं तरी डोकं फोडू शकतो.

वल्हं नदीत वापरता तेवढं लांब ठेवू नका. लाटेत गुडघे वाकलेले असतात. तुमच्या उंचीपेक्षा तीन-चार इंच जास्त, म्हणजे ६७-६८ इंच पुरेत. लीश सरळ, बोर्डच्या लांबीएवढी घ्या. नदीतली स्प्रिंगसारखी गुंडाळी लाटेत परत उसळून अंगावर येते. ती घोट्याऐवजी गुडघ्याखाली पोटरीला बांधा, चालताना पायात येत नाही.

बोर्ड बघायला जाल तेव्हा उन्हात नेऊन बघा. तळहाताने वरचा भाग इंचाइंचाने दाबत जा, विशेषतः उभं राहायच्या जागी. कुठे मऊ लागला, कुरकुरला किंवा फुगीर दिसला तर आतला फोम सुटलाय, तो घेऊ नका. फिनच्या खाचेभोवती केसासारख्या भेगा आहेत का ते नखाने तपासा. नंतर वजनकाट्यावर ठेवा. त्या मापाचा धडधाकट बोर्ड नऊ-दहा किलोंच्या आत बसतो. बारा-तेरा भरला तर आत पाणी मुरलंय. हवा सोडण्याचा स्क्रू शाबूत आहे ना हेही पाहा. गोव्याच्या उन्हात गाडीच्या टपावर तापलेल्या बोर्डला त्याचीच गरज लागते. यातलं काही बिघडलेलं आढळलं तर ८२ लिटरच्या बोर्डकडे वळू नका. नऊ फुटांच्या आसपासचा, २८ ते ३० इंच रुंद, ११५ लिटरच्या पुढचा दुसरा मिळेपर्यंत थांबा. तोवर हवा भरायच्या बोर्डवर आश्वेच्या गुडघाभर लाटा चालू द्या, आणि टेलवर पाय न्यायचा सराव आजपासूनच नदीत सुरू करा.